बी मोझाच्या कॅसेट्स जहूरच्या हाती पडू नयेत म्हणून

मी, रश्मी भगवान ओव्हाळ, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, वाणिज्य शाखेची पदवीधर, धंदा नोकरी, मूळ राहणार येवला, जिल्हा नाशिक, हल्ली मुक्काम अल मवालेह, मस्कत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे, मी नशापाणी करत नाही, आणि माझ्यावर दबाव आणणाऱ्यांचा हे लिहिण्यावर काही परिणाम झालेला नाही. त्यांची नावे पुढे येतील. हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापात खराब झाली होती, ती सोमवारी बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. झडपेची मी करतही नाही. मी गेले तर माझ्या वस्तू आईवडिलांकडे जातील, त्यांत एक पत्र्याची पेटी आहे, आणि ती पेटी माझे वडील लागलीच आपल्या मालकाला नेऊन देतील. तो मालक ती जाळेल. हे होऊ नये म्हणून हा कागद.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापूर्वी माझ्याकडे कोणी जाळावे असे काही नव्हते.

कलम १. बँकेत जे असेल ते माझी आई शैला हिला. तिने ते स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावे. लॅपटॉप धाकटा भाऊ रुपेश याला. ‘ताई, तू गेलीस तर तो मला ना?’ असे त्याने ऑपरेशनची तारीख कळल्या दिवशीच विचारून घेतले होते. त्याच्या दूरदृष्टीचे मला कौतुक आहे. पासवर्ड त्याने स्वतः शोधावा.

कलम २. पदवीचे प्रमाणपत्र, जे पप्पांनी लॅमिनेट करून घेतले आणि येईल त्याला चहाच्या आधी दाखवले, ते आईनेच ठेवावे. आमच्या घरातली ती पहिली पदवी. ती घेऊन मी मवालेहच्या भाजी मार्केटमधल्या एका आयातदाराच्या ऑफिसात बसते आणि कांद्याच्या कंटेनरचे कागद बघते. याबद्दल तक्रार नाही. कांदा निदान इथल्या मराठी मंडळाच्या सभासदांसारखा ‘तुमचं आडनाव नीट कळलं नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणत नाही.

कलम ३. आता पेटी. पेटीत बी मोझा यांच्या गाण्याच्या कॅसेट्स आहेत. स्वाहिलीत बाईमाणसाला मानाने ‘बी’ म्हणतात. बी मोझा झांझिबारच्या, आणि माझ्या घरमालकीण. म्हणजे मी तसे समजत होते. त्या खाली राहत, मी वरच्या खोलीत. त्या जे गात त्याला तारब म्हणतात. उद नावाचे तंतुवाद्य, व्हायोलिन, ढोलकी असा मेळ असतो, आणि समोर एक बाई खुर्चीवर शांत बसून, चेहऱ्यावरची घडी न मोडता, एखाद्याची सालटी काढत असते. नाव घेत नाही. नाव घेण्याची गरज पडत नाही.

रीत अशी आहे. ज्या बाईला शेजारणीने, सवतीने किंवा जावेने छळले, ती गाणारणीकडे जाते. बी मोझा तिला खोलात जाऊन विचारत: ‘काय केलं तिने? चालते कशी? हसताना तोंडावर हात घेते का?’ मग कडवे रचत. कार्यक्रमात ते कडवे आले की छळलेली बाई उठते, हातात नोट धरून सावकाश नाचत गाणारणीपर्यंत जाते, आणि नोट देताना जिच्यावर रोख आहे तिच्याकडे बघते. एवढे केले की ते कडवे तिचे झाले. सगळ्या दालनाला कळते कोण कोणाला काय म्हणाले. त्यावर कोर्टात जाता येत नाही.

बी मोझांची आई झांझिबारला मोठ्या लोकांचे कपडे इस्त्री करायची. मुलगी कोळशाची इस्त्री फिरवता फिरवता खिडकीखालून गाणी शिकली. त्यांच्या गावच्या मेळ्यात तोवर बायका गात त्या पडद्याआडून. सोळाव्या वर्षी बी मोझा एका कार्यक्रमात गाणे चालू असताना पडद्याला वळसा घालून बाहेर आल्या आणि पुरुषांसमोर खुर्चीवर बसल्या. त्यांच्या मेळ्यातल्या तशा त्या पहिल्या. पुढे बाकीच्या आल्या.

मी यावर एक लेख लिहिला होता. त्यात ‘पडदा झुगारणारी’, ‘क्रांतिकारक पाऊल’ असे शब्द होते. मी तो त्यांना हिंदीत सांगितला. त्या हिंदी, अरबी आणि हातवारे एकत्र करून बोलत. मी इथे मराठीत लिहिते.

“क्रांती कसली?” त्या म्हणाल्या. “उदवाल्याला माझा श्वास ऐकू येत नव्हता. दर ओळीला घाई करायचा मेला. मी बाहेर येऊन त्याच्या कानाशी बसले. तेवढंच.”

“पण बी, लोक काय म्हणाले?”

“लोक म्हणाले, आता ताल बरा लागतो.”

मी लेख बदललेला नाही. मला ती अजूनही क्रांतीच वाटते.

सत्तरच्या दशकात खाबुऱ्याच्या एका माणसाशी लग्न करून त्या ओमानला आल्या. नवऱ्याला त्यांचे गाणे आवडले म्हणून त्याने लग्न केले आणि लग्न झाले म्हणून गाणे बंद केले. खाबुऱ्यात तो सांगत असे की, बायको शिवणकाम करते. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. नवरा वारल्यावर त्या मस्कतला आल्या आणि झांझिबारहून आलेल्या बायकांच्या लग्नकार्यांत पुन्हा गाऊ लागल्या. पुढे खुल्या रंगमंचावरही. गाण्याच्या कमाईतून मवालेहचे हे घर घेतले. कागदपत्रांची धावपळ पुतण्याने केली, आणि धावता धावता घर स्वतःच्या नावावर करून घेतले. हा पुतण्या म्हणजे जहूर. सोहारला त्याचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, बरक्याला एक हॉटेल आहे. माझे वडील त्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. मला ही खोली त्या ओळखीनेच मिळाली, हेही लिहून ठेवते, म्हणजे कोणी शोध लावल्याच्या थाटात सांगायला नको.

कलम ४. कपाटातली जरीकाठी शाल मराठी मंडळाचे अध्यक्ष शिरीष काका यांना परत द्यावी. तिच्यावर इस्त्रीचा डाग आहे. बी मोझा ती इस्त्रीखाली अंथरायच्या.

या शालीची हकिगत अशी. मागल्या वर्षी मंडळाने ‘मैत्री संध्या’ ठेवली. स्थानिक कलाकार हवा होता. मी बी मोझांचे नाव सुचवले आणि मंडळात प्रथमच माझे काही ऐकले गेले, कारण जहूर जेवणाचा खर्च उचलणार होता. तो प्रमुख पाहुणा. पहिल्या रांगेत अध्यक्ष, पाहुणा आणि ज्यांची आडनावे नीट कळतात ते सभासद. मागच्या रांगांत बी मोझांबरोबर आलेल्या झांझिबारी बायका.

बी मोझांनी जे गाणे लावले ते त्यांनीच पूर्वी एका विधवेसाठी रचलेले होते. त्यात एक कडवे येते, त्याचा अर्थ साधारण असा: माझ्या ताटात जेवलास, माझ्या सावलीत निजलास, आणि उठताना हात पुसलेस ते माझ्याच पदराला. तारबचे गाणे लांबते. विंगेत लहान मुलींचा नाच नऊवारी नेसून ताटकळत होता. शिरीष काकांनी घड्याळ पाहिले. आपल्याकडे एखाद्याचे भाषण आवरेना तर करतात तेच त्यांनी केले. शाल, नारळ आणि पाकीट घेऊन ते गाणे चालू असतानाच रंगमंचावर चढले. कडवे नेमके तेच चालू होते. आणि सत्कार पाहुण्यांच्या हस्ते व्हावा म्हणून, हातात पाकीट धरून, ते जहूरकडे बघत त्याला ‘या, या’ असे हात करू लागले.

मागच्या रांगांत जो गलका झाला तसा त्या हॉलने पूर्वी ऐकला नसेल. बायकांनी जिभा वाजवत आरोळ्या दिल्या. अल्फिया खुर्चीवर चढली. (अल्फिया ही शाळेची व्हॅन चालवते, बी मोझांमागे ती झील धरायची.) भर सभेत एका भारदस्त टकल्या माणसाने ते कडवे आपले केले होते आणि जहूरच्या तोंडावर फेकले होते. बी मोझांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिले, एकदा पुतण्याकडे, आणि तेच कडवे पुन्हा घेतले. मग पुन्हा. शिरीष काकांना वाटले, रंगत आली. त्यांनी स्वतःच ‘वन्स मोअर’ म्हटले.

मी नंतर त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “मी? मी तर फक्त कार्यक्रम आवरत होतो! तू आधी सांगायला नको का? तुम्हा लोकांना जबाबदारी दिली की हे असं होतं.” कोणते लोक, हे त्यांनी सांगितले नाही.

घरी येताना टॅक्सीत बी मोझा खुशीत होत्या. “तुमच्या त्या टकल्यात दम आहे गं.”

मला खोटे बोलता येत नाही. मी सांगितले की, त्यात दम वगैरे काही नाही, त्यांना गाणे थांबवायचे होते, आमच्याकडे सत्कार केला की माणूस गप्प बसतो.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या इतक्या हसल्या की ड्रायव्हरने मागे वळून पाहिले. “शाल घालून गप्प करतात? आमच्याकडे निदान पडदा लावायचे. पडद्याआडून गाता तरी येतं.”

नारळ आम्ही माशाच्या कालवणात घातला. चांगला निघाला. मंडळाकडून मला मिळालेली ती एकमेव उपयोगी वस्तू.

कलम ५. जहूर याला काहीही नाही. कारणे पुढीलप्रमाणे.

त्या कार्यक्रमानंतर तो घरी आला आणि उभ्या उभ्याच बोलला. देवाधर्माची चार गाणी तो ठेवणार होता, हॉटेलच्या लॉबीत हळू आवाजात लावायला. बाकीच्या कॅसेट्स त्याच्या हवाली करायच्या, तो त्यांची ‘व्यवस्था’ करेल. घराण्याची अब्रू, मुलींची लग्ने, वगैरे. बी मोझा ऐकून घेत होत्या. तो गेल्यावर त्यांनी अल्फियाला बोलावले, तिच्यादेखत पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ही आता हिची. घर याचं, पेटी हिची.” गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. भेटायला येणाऱ्यांना जहूर दारात सांगत होता की, काकू घरकाम सांभाळून हौस म्हणून कधीमधी गुणगुणायच्या. जिने त्याच्या शाळेपासून लग्नापर्यंत सगळे गाण्यावर केले, तिच्याबद्दल हे. हॉटेलात आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना मात्र तो ‘माय आंटी, द फेमस सिंगर’ असे सांगतो. मी ऐकले आहे. माझ्याकडून खोली अजून रिकामी करून घेतलेली नाही, कारण पेटी खोलीत आहे आणि मी पेटीवर आहे.

कलम ६. माझे वडील भगवान यांना मी काही ठेवत नाही.

जहूरने पप्पांना सांगितले, “तुझ्या मुलीला समजव.” पप्पा मालकाला इथल्या रीतीने ‘अर्बाब’ म्हणतात. त्यांनी उत्तर दिले, “इन्शाल्ला, अर्बाब. पोरगी ऐकेल.” हे त्यांनीच मला फोनवर सांगितले, जणू काही मोठी मुत्सद्देगिरी केली. मी म्हटले, मी ऐकणार नाही. ते म्हणाले, “कोण ती? एक गाणारी बाई. तिच्यापायी माझी रोजीरोटी?” ‘गाणारी बाई’ हे शब्द ते ज्या सुरात म्हणतात तो सूर मला लहानपणापासून ओळखीचा आहे. पप्पांची सख्खी मावशी फडावर गायची, म्हणून आमच्या घरात तिचा फोटो नाही. चौदा एप्रिलला मात्र आमच्या गल्लीत मोठमोठे स्पीकर लागतात आणि बायकांच्या आवाजातली गाणी पप्पा डोळे मिटून ऐकतात. आमच्याकडे गाणे चालते, गाणारी चालत नाही. माणसाने माणसाला मान द्यावा म्हणून ज्या घराने धर्म बदलला, त्या घरात मी हे ऐकते आणि मला लाज वाटते. पप्पांनी मला शिकवले, हे खरे. शिकवल्यावर जे होते ते त्यांना चालत नाही, हेही खरे.

कलम ७. पत्र्याची पेटी, तिच्यातल्या सर्व कॅसेट्स आणि टेपरेकॉर्डर, माझ्या मृत्यूनंतर अल्फिया हिला. कॅसेट्स मी संगणकावर उतरवायला घेतल्या होत्या; रेकॉर्डरने एक फीत गिळली, तेव्हापासून मी हात लावलेला नाही. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. एकही कडवे गाळू नये, सभ्य करू नये. कोणाही बाईने मागितली तर नक्कल द्यावी. जहूरला ऐकायची असतील तर त्याने अल्फियाच्या घरी गुरुवारच्या बैठकीला यावे आणि पहिल्या रांगेत बसावे.

कलम ८. माझी शोकसभा मंडळाने घेऊ नये. घेतलीच तर ‘हसतमुख’ आणि ‘सर्वांमध्ये मिसळणारी’ हे शब्द वापरू नयेत. मी मिसळले नव्हते. मला मिसळून घेतले नव्हते.

येथे मृत्युपत्र संपले होते. पुढचे कलम आज दुपारी वाढवले आहे.

कलम ९. कलम ७ रद्द समजावे. कारण असे.

आज पप्पा सोहारहून आले. मी अंघोळीला गेले असताना त्यांनी टेबलावरचा हा कागद वाचला. बाहेर आले तर ते चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. मला वाटले, कलम ६ वरून बोलतील.

“म्हणजे तू मेल्यावर पेटी त्या व्हॅनवालीकडे,” ते म्हणाले. “मंग अर्बाब कोणाच्या दारात येणार? तुझ्या?”

मी म्हटले, “तुम्ही त्याला सांगा की, तुम्हाला काही माहीत नव्हतं.”

“वा रे पदवीधर.” त्यांनी कागद खाली ठेवला. “जिवंत हाय तोवर गप बसायचं, आन मेल्यावर नाही म्हणायचं. गप बसायचं काम तर मी दहावी नापास असून रोज करतो. मला कागद लागत नाही त्याला.”

मी कागद उचलून घेतला.

“द्यायची तर आज दे. नाही तर त्याला देऊन मोकळी हो. हे मधलं काय लावलंय?”

“तुमची नोकरी जाईल, पप्पा.”

“माझी नोकरी माझी हाय ना? ती कशाला वाटत बसलीस तुझ्या कागदात?”

मी अल्फियाला फोन केला. ती सुट्टीच्या क्लासची मुले सोडून रिकामी व्हॅन घेऊनच आली. पेटी जड होती. मला उचलायची मनाई आहे. पप्पांनी ती खांद्यावर घेतली आणि जिना उतरले. अल्फियाने त्यांना ओळखले. “भाईसाब, आप तो जहूर का आदमी है ना?”

“आज छुट्टी पे हूँ,” पप्पा म्हणाले.

व्हॅन गेल्यावर त्यांनी रस्त्यावर उभे राहूनच फोन लावला. मी जिन्यातून ऐकत होते. “अर्बाब, वो पेटी का काम खलास. दे दिया... नहीं, आपको नहीं... मैंने दिया. लडकी को कुछ मालूम नहीं, वो ऑपरेशन के टेन्शन में है.” मग बराच वेळ ते फक्त ऐकत होते. शेवटी म्हणाले, “ठीक है अर्बाब,” आणि फोन खिशात ठेवला. काय ठीक आहे, ते त्यांनी मला सांगितलेले नाही.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे आमच्या ऑफिसचे कायदेशीर सल्लागार गुरुदत्त प्रभू यांचे म्हणणे. पप्पांना मी काही ठेवलेले नाही, त्यामुळे ते चालतात. बाकीची कलमे मी बदललेली नाहीत. खरे तेच लिहायचे असल्यामुळे नोंदवून ठेवते की, पप्पांनी फोनवर सांगितले ते खोटे आहे: पेटी मी दिली, माझ्या मर्जीने दिली, आणि जहूरला जाब विचारायचा असेल तर त्याने मला विचारावा.

हे वाक्य खोडल्याशिवाय सही करणार नाही, असे पप्पा म्हणाले. मी खोडले नाही.

लिहून ठेवणार: रश्मी भगवान ओव्हाळ (सही)

ठिकाण: अल मवालेह, मस्कत
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:

१. गुरुदत्त प्रभू (सही). लिहिणारीने माझ्यासमोर सही केली.

२. भगवान ओव्हाळ (सही). शेवटच्या कलमातले खोटे-बिटे मला मान्य नाही. पेटी मी दिली. बाकी सगळे खरे आहे.